परदेशांतून आलेला वास्तुशिल्पी : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

नौपाड्यांतील आमच्या ज्या धर्मबांधवांस पोटापाण्याच्या उद्योगासाठीं रोज मुंबईस जावें लागतें, त्यांच्या दिवसाचा आरंभ ठाण्याच्या स्टेशनावर होतो, आणि पुष्कळांच्या प्रवासाचा शेवट एका प्रचंड दगडी घुमटाच्या छायेंत होतो. या घुमटाजवळून हजारों वेळां जाऊनहि तो कोणी उभारिला, तो मनुष्य कोठून आला, आणि आज त्याचा देह कोठें विसावला आहे, हें विचारण्याची सवड आपणांपैकीं थोड्यांसच मिळाली असेल. गाडी गांठण्याची घाई मनुष्यास मान वर करूं देत नाहीं.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत एखाद्या संताचें अथवा धर्मगुरूचें चरित्र यावें, अशी वाचकांची अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. आम्हीं एका प्रापंचिक गृहस्थाचें चरित्र निवडलें, त्यास कारण आहे. ज्युबिलीच्या तयारीसाठीं भरलेल्या सभांतून मूळचे आणि मागाहून आलेले हे दोन शब्द आमच्या कानीं वारंवार पडले. कोणाचें घराणें येथें किती पिढ्यांचें आहे, आणि कोण काल-परवां गाडींतून उतरला, याचा हिशेब कांहीं तोंडांतून निघाला. बोलणारांच्या मनांत द्वेष नव्हता, हें आम्ही जाणतों. तथापि ऐकणारांपैकीं कांहींच्या माना खालीं गेल्या, हेंहि आम्हीं पाहिलें. त्या वेळीं आम्ही गप्प राहिलों. सभेंत जें बोलावयास हवें होतें, तें येथें एका मनुष्याच्या जीवनक्रमाच्या द्वारें सांगावें, असा आमचा हेतु आहे.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८४७ रोजीं इंग्लंडांतील बाथ या नगरांत झाला. आपल्या ठाणे जिल्ह्यांत वज्रेश्वरीचीं उष्ण पाण्याचीं कुंडें जशीं प्रसिद्ध आहेत, तसें बाथ हें नगर रोमन लोकांच्या काळापासून उष्ण झऱ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील घरें मधाच्या रंगाच्या पिवळसर दगडाचीं बांधलेलीं आहेत. दगड तासावा कसा, जोडावा कसा आणि उन्हांत तो शोभतो कसा, हें त्या गांवच्या मुलास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. १८६२ सालीं, म्हणजे वयाचीं पंधरा वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं, स्टीव्हन्स यांनीं बाथ येथील चार्ल्स डेव्हिस या वास्तुशिल्प्याच्या हाताखालीं उमेदवारी पत्करली.

इकडे आपल्या भागांत जें घडलें होतें, त्याचा या मुलाशीं पुढें किती निकटचा संबंध येणार आहे, हें त्या वेळीं कोणासहि सांगतां आलें नसतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी सुमारें २१ मैलांचा मार्ग आक्रमून आपल्या ठाण्यास येऊन पोंचली. ज्या दिवशीं ठाणेकरांनीं वाफेचें तें नवल डोळे भरून पाहिलें, त्या दिवशीं स्टीव्हन्स हे पांच वर्षांचे बालक होते. रेल्वेचा व्याप वाढत गेला, तरी बोरीबंदराचें स्टेशन मात्र साधेंसुधेंच राहिलें. ज्या मार्गाचें एक टोंक ठाणें होतें, त्याच्या दुसऱ्या टोंकास शोभा आणणारा हात अद्यापि सात समुद्रांपलीकडे वाढत होता.

१८६७ सालीं हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठीं झालेल्या स्पर्धेच्या परीक्षेंत स्टीव्हन्स उत्तीर्ण झाले, आणि वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनीं मायभूमि सोडिली. सुवेझचा कालवा अद्यापि खुला झाला नव्हता. तो १८६९ सालीं झाला. तेव्हां हिंदुस्थानास येणें म्हणजे आप्तांचा दीर्घकाळ निरोप घेणेंच होतें. त्यांची प्रथम नेमणूक पुण्यास झाली, आणि पुढील वर्षीं ते मुंबईस आले.

त्या वेळची मुंबई नुकतीच आपलें जुनें कवच टाकून देत होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत कोटाच्या भिंती पाडण्यास आरंभ झाला होता, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवीन सार्वजनिक इमारती उभारण्याची योजना आंखली गेली होती. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाच्या व्यापारांत जो अमाप पैसा आला, तो १८६५ सालीं ओसरला व कित्येक धनिक रस्त्यावर आले. परंतु बांधणीचा उत्साह मावळला नाहीं. या कामीं नेमलेल्या जेम्स ट्रबशॉ यांच्या हाताखालीं तरुण स्टीव्हन्स काम करूं लागले.

त्यांच्या स्वतंत्र बुद्धीचें पहिलें मोठें फळ म्हणजे अपोलो बंदराजवळील रॉयल आल्फ्रेड खलाशीगृह. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनीं त्यासाठीं दोन लाख रुपयांची देणगी दिली, १८७० सालीं ड्यूक ऑफ एडिंबरो यांच्या हस्तें कोनशिला बसविण्यांत आली, आणि १८७६ सालीं इमारत पुरी झाली. समुद्रावरून आलेल्या, घरदार दूर असलेल्या खलाशांस रात्रीचा निवारा मिळावा, हा त्या घराचा उद्देश होता. जो स्वतः समुद्र ओलांडून परक्या बंदरीं उतरला होता, त्याच्या हातून पहिलें मोठें काम झालें तें परक्यांस आसरा देणाऱ्या घराचें, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. त्याच इमारतींत पुढें प्रांताचें कायदेमंडळ बसूं लागलें, आणि आज तेथें महाराष्ट्र पोलिसांचें मुख्यालय आहे.

येथें एक तुलना करावीशी वाटते. मुंबई विद्यापीठाचें पदवीदान सभागृह आणि राजाबाई मनोरा हीं ज्यांच्या योजनेनें उभीं राहिलीं, ते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे त्या काळचे इंग्लंडांतील अत्यंत नामांकित वास्तुशिल्पी होते. परंतु त्यांनीं मुंबई कधीं पाहिलीच नाहीं. त्यांनीं लंडनमध्यें नकाशे काढिले आणि ते बोटीनें इकडे पाठविले. त्या इमारतींची शोभा अपूर्व आहे, याबद्दल वाद नाहीं. स्टीव्हन्स यांनींहि स्कॉट यांच्या कामापासून पुष्कळ घेतलें. पण एकानें आपली कला पाठविली, आणि दुसरा स्वतः येऊन येथील धुळींत, उन्हांत आणि पावसांत राहिला. आम्हां ख्रिस्ती लोकांस या दोहोंतील भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. आमच्या श्रद्धेचा पायाच मुळीं, देवानें दुरून केवळ निरोप न धाडतां आमच्यामध्यें येऊन वस्ती केली, या सत्यावर उभा आहे.

१८७७ सालीं सरकारनें स्टीव्हन्स यांस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या कामासाठीं मोकळें केलें. बोरीबंदर येथें कंपनीच्या कचेऱ्यांसह एक भव्य अंतिम स्थानक बांधावयाचें होतें. तीस वर्षांच्या या तरुणानें दहा महिन्यांची रजा घेऊन युरोपांतील मोठमोठीं स्टेशनें पाहिलीं. लंडनच्या सेंट पॅंक्रस स्थानकाचा ठसा त्यांच्या योजनेवर पडला आहे, असें जाणते सांगतात. तथापि त्यांनीं केवळ नक्कल केली नाहीं. १८७८ सालीं काम सुरू झालें, १८८२ च्या आरंभीं गाड्या नव्या स्थानकांतून सुटूं लागल्या, आणि १८८८ सालीं कचेऱ्यांची इमारत संपूर्ण झाली. दहा वर्षें लागलीं, आणि सुमारें सोळा लाख रुपये खर्च झाले. महाराणी व्हिक्टोरिया यांच्या राज्यारोहणाच्या पन्नासाव्या वर्षीं, १८८७ च्या ज्युबिलीच्या दिवशीं, त्या स्थानकास त्यांचें नांव देण्यांत आलें. ज्युबिली या शब्दाशीं त्या इमारतीचा असा जुना संबंध आहे.

इमारतीचें स्वरूप पाहणारास प्रथमदर्शनीं एखाद्या महामंदिराचा भास होतो. टोंकदार कमानी, रंगीत कांचांच्या खिडक्या, कोरीव स्तंभशीर्षें, उंच कळस, हें सर्व युरोपांतील ख्रिस्ती देवालयांच्या परंपरेंतून आलें आहे. मधोमध अष्टकोनी घुमट आहे. त्याच्या दगडी फासळ्या एकमेकींत अशा कौशल्यानें गुंतविल्या आहेत कीं, बांधतांना खालून लांकडी सांगाड्याचा आधार द्यावा लागला नाहीं. गॉथिक पद्धतीच्या इमारतीवर असा घुमट बसविणें हें त्या काळीं मोठें धाडस होतें. घुमटाच्या माथ्यावर प्रगतीची स्त्रीमूर्ति उभी आहे. तिच्या उजव्या हातांत मशाल आणि डाव्या हातांत आऱ्यांचें चाक आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे इंग्लंडचा सिंह आणि दुसरीकडे हिंदुस्थानचा वाघ बसविला आहे. त्या मूर्ति टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराच्या हातच्या आहेत.

बाकीचें मात्र बहुतेक येथल्याच हातांचें आहे. पिवळसर दगड मालाडच्या खाणींतला. तो पाहून बाथच्या त्या मुलास आपल्या गांवचीं घरें आठवलीं असतील काय, असा विचार आमच्या मनांत येतो. भिंतींवर जीं पानें, फुलें, मोर, माकडें, सर्प आणि सरडे कोरले आहेत, त्यांवर सर जे. जे. कलाशाळेंतील विद्यार्थ्यांनीं जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं परिश्रम केले. इमारतीच्या दर्शनी भागीं देशांतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचीं मस्तकें कोरलेलीं आहेत. रेल्वेच्या अधिकाऱ्यांबरोबर सर जमशेटजी जिजीभाई व जगन्नाथ शंकरशेट यांच्याहि प्रतिमा तेथें आहेत. स्टीव्हन्स यांनीं सर्व कोरीव काम विलायतेहून तयार करून आणविलें असतें, तर इमारत कदाचित् लवकर पुरी झाली असती. पण ती येथली झाली नसती. त्यांनीं येथील विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला, आणि त्या विद्यार्थ्यांनीं येथील झाडेंझुडपें व पशुपक्षी त्या परदेशी कमानींच्या भोंवतीं आणून बसविले.

या कामावर सहायक अभियंते म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे होते. मोठ्या मनुष्याचें नांव सांगतांना त्याच्या मागें उभ्या असलेल्या मनुष्याचें नांव गाळण्याची जगाची रीत आहे, म्हणून तें आम्ही येथें मुद्दाम देत आहों. त्यांच्याहि मागें जे पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार आणि डोकीवर घमेलीं वाहणाऱ्या बायाबापड्या होत्या, त्यांचीं नांवें दगडावर कोरलेलीं नाहींत. तो घुमट परकीय सत्तेच्या वैभवासाठीं आणि एका कंपनीच्या व्यवहारासाठीं बांधला गेला, हेंहि लपविण्याचें कारण नाहीं. पण ज्या हातांनीं तो बांधला, त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांच्या उपयोगीं तो अखेर पडला.

१८८४ सालीं स्टीव्हन्स यांनीं सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. त्याच वर्षाच्या ९ डिसेंबर रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्तें स्थानकासमोरच मुंबई महानगरपालिकेच्या इमारतीची कोनशिला बसविण्यांत आली होती. परंतु कोणाच्या योजनेप्रमाणें बांधावें, याचा निकाल लांबला. रॉबर्ट चिझम यांचीहि योजना पुढें आली होती. अखेर १८८८ सालीं स्टीव्हन्स यांची योजना पसंत झाली. पुढील वर्षीं काम सुरू होऊन १८९३ सालीं पुरें झालें. बांधकामाचें कंत्राट व्यंकू बाळाजी काळेवार यांजकडे होतें. या इमारतींत गॉथिक कमानींच्या जोडीस हिंदुस्थानी पद्धतीचे घुमट आले आहेत. वीस वर्षांच्या वास्तव्यांत त्या मनुष्याचा डोळा किती बदलला होता, हें समोरासमोर उभ्या असलेल्या त्या दोन इमारती पाहिल्या म्हणजे कळून येतें. एक इमारत पाहुण्याची आहे, आणि दुसरी घरच्या माणसाची आहे, असें म्हटल्यास चालेल.

या इमारतीसंबंधीं एक गोष्ट आम्हांस विशेष सांगावीशी वाटते. ११,८८,०८२ रुपयांचा खर्च मंजूर झाला होता. प्रत्यक्षांत ११,१९,९६९ रुपये लागले. सार्वजनिक पैशांतून अडुसष्ट हजारांहून अधिक रुपये शिल्लक राहिले. इमारत-फंडाच्या वह्या ज्यांनीं हातीं धरल्या आहेत, आणि अंदाजपत्रक व प्रत्यक्ष खर्च यांतील अंतर ज्यांनीं रात्रीं जागून मोजलें आहे, त्यांस या आंकड्यांचें मोल कळेल. दुसऱ्याचा पैसा आपल्या घामाच्या पैशाप्रमाणें जपणें, हीहि एक उपासनाच आहे.

१८८९ सालीं सरकारनें त्यांस सी. आय. ई. हा किताब दिला. पुढील काळांत त्यांच्या हातून आणखीहि कामें झालीं. कोट विभागांत रतनशी मुळजी जेठा यांनीं आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ जी दगडी पाणपोई बांधविली, तिची योजना स्टीव्हन्स यांची होती. एका पित्याचें दुःख आणि तहानलेल्याची तृप्ति हीं दोन्ही तेथें एकत्र आलीं आहेत. त्यानंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचें चर्चगेट येथील मुख्य कार्यालय १८९४ पासून १८९९ पर्यंत उभें राहिलें. आज तें पश्चिम रेल्वेचें मुख्यालय आहे. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांचे कारभार ज्या इमारतींतून चालतात, त्या दोन्ही एकाच मनुष्याच्या लेखणींतून उतरल्या, हें आमच्या लोकलच्या उतारूंस नवल वाटण्यासारखें आहे.

हीं शेवटचीं वर्षें मुंबईस मोठीं कठीण गेलीं. १८९६ सालीं प्लेग आला, आणि लोक शहर सोडून गांवोगांव पळाले. ज्यांस शक्य होतें ते विलायतेस परतले. स्टीव्हन्स यांस परत जाण्यास कोणाचा अडथळा नव्हता. कीर्ति मिळाली होती, व्यवसाय भरभराटींत होता. पण चर्चगेटची इमारत पुरी व्हावयाची होती, आणि तिच्या बांधणीच्या काळांत ते येथेंच काम करीत राहिले. अखेरीस मृत्यूनें त्यांस गांठलें तें प्लेगाच्या नव्हे, तर हिंवतापाच्या रूपानें. हिंवताप डांसांच्या द्वारें पसरतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं याच देशांत मिळविला होता. परंतु ते ज्ञान प्रत्येक बिछान्यापर्यंत पोंचावयास अवकाश होता. मार्च १९०० मध्यें, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, स्टीव्हन्स यांचें मुंबईंत देहावसान झालें. आज आम्हीहि त्याच वयाच्या आगेंमागें आहों, म्हणून तो आंकडा लिहितांना लेखणी किंचित् थबकते. त्यांस शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमींत पुरण्यांत आलें. त्यांचे पुत्र चार्ल्स यांनीं पित्याचाच व्यवसाय पुढें चालविला. १९३३ सालीं उघडलेलें रीगल चित्रपटगृह हें त्यांच्या योजनेचें आहे. पित्याचें खलाशीगृह आणि पुत्राचें रीगल हीं आज एकाच चौकाच्या कांठीं उभीं आहेत.

स्टीव्हन्स यांच्या मृत्यूनंतर त्या स्थानकानें पुष्कळ पाहिलें. साम्राज्य गेलें, दर्शनी भागांतील महाराणींचा पुतळा गेला, १९९६ सालीं त्यास छत्रपति शिवाजी टर्मिनस हें नांव मिळालें आणि २०१७ सालीं त्यांत महाराज हा शब्द जोडला गेला. २००४ सालीं युनेस्को या संस्थेनें जागतिक वारशांत त्याची गणना केली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं त्याच छताखालीं पन्नासाहून अधिक निरपराध माणसें गोळ्यांस बळी पडलीं. गांवीं निघालेलीं, बोचकीं उशाशीं घेऊन गाडीची वाट पाहणारीं तीं गोरगरीब माणसें होतीं. त्यांस मारणाऱ्यांनीं कोण मूळचा आणि कोण बाहेरचा, हें विचारलें नाहीं. आणि दुसऱ्या दिवशीं ज्या हजारों लोकांनीं पुन्हां त्याच फलाटांवर पाऊल ठेवून शहर चालू ठेविलें, त्यांनींहि विचारलें नाहीं.

आतां आमच्या सभेंतील त्या दोन शब्दांकडे वळूं. फ्रेडरिक स्टीव्हन्स हे मूळचे कीं मागाहून आलेले? त्यांचा जन्म येथें झाला नाहीं. त्यांची भाषा, वर्ण आणि राज्य, सर्व परकें होतें. तरीहि त्यांची इमारत वगळून मुंबईचें चित्र कोणासहि काढतां येत नाहीं, आणि त्यांच्या देहाची माती आज शिवडीच्या मातीहून वेगळी करतां येत नाहीं. त्याच दफनभूमींत आपल्यापैकींहि कित्येकांचे आप्त निजले आहेत. मनुष्य एखाद्या ठिकाणचा होतो तो केवळ तेथें जन्मल्यानें नव्हे. तेथला भार खांद्यावर घेतल्यानें होतो.

आपलें धर्मग्राम याच न्यायानें बनलेलें आहे. कोणी पिढ्यान्‌पिढ्या या साष्टी बेटावरचे. त्यांच्या पूर्वजांनीं श्रद्धेचा दीप विझूं दिला नाहीं, हें त्यांचें ऋण आम्ही कधींहि विसरणार नाहीं. कोणी वसईहून आले, कोणी गोव्याहून, कोणी मंगळुराहून, कोणी नगर-जालन्याकडून. कोणी कारखान्याच्या नोकरीसाठीं उतरले, कोणी लग्न होऊन आल्या. त्यांपैकीं कोणी गायकवृंदास कंठ दिला, कोणी मुलांस धर्मशिक्षण दिलें, कोणी आजाऱ्याच्या उशाशीं रात्री काढल्या. खाण मालाडची, कमान परदेशची, मोर या देशचा, आणि घुमट सर्वांच्या मिळून भारानें एकमेकांस धरून ठेवलेला. फासळ्या एकमेकींत गुंतल्या आहेत म्हणून तो उभा आहे. पहिली फासळी कोणती बसविली, हें आज खालून पाहणारास कळत नाहीं आणि कळण्याची जरुरीहि नाहीं.

म्हणून आमची एवढीच विनंति आहे. पुढील वेळीं मुंबईस उतराल तेव्हां गर्दींतून किंचित् बाजूस होऊन, रस्त्यापलीकडून एकदां त्या घुमटाकडे मान वर करून पाहावें. तो बांधणारासाठीं, आणि ज्यांचीं नांवें कोठेंच कोरलेलीं नाहींत त्या पाथरवटांसाठीं व घमेलीं वाहणाऱ्यांसाठीं, मनांतल्या मनांत एक छोटीशी प्रार्थना म्हणावी. आणि संध्याकाळच्या गाडीनें नौपाड्यास परत आल्यावर आपल्या शेजाऱ्यास, तो केव्हां आला हें न विचारतां, ज्युबिलीच्या मेजवानीस आपल्या पंगतींत बसवावें. ज्या सभेंत आम्ही गप्प राहिलों, तिच्याबद्दलचें आमचें प्रायश्चित्त या लेखानें अंशतः तरी फिटो, आणि आपणां सर्वांस एका घराचे दगड करून एकत्र बसविण्यास तो परम शिल्पी प्रभु समर्थ आहे, ही श्रद्धा आपणां सर्वांच्या ठायीं दृढ होवो.